घोरणे आणि स्लीप ॲप्निया: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घोरण्याच्या तक्रारीसाठी डॉक्टरांकडे जाणारा माणूस बहुधा स्वतःहून जात नाही, त्याला घरचे नेतात. म्हणून खालील उत्तरे घोरणाऱ्यासाठी आहेत तितकीच त्याच्या शेजारी झोपणाऱ्यासाठीही आहेत. ही माहिती तपासणीची किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही.

माणूस घोरतो तेव्हा नेमके काय होते?

झोप लागली की हातापायांच्या स्नायूंप्रमाणे घशाचे स्नायूही सैल पडतात. मऊ टाळू, पडजीभ, जिभेचा मागचा भाग आणि घशाच्या बाजूच्या भिंती यांना हाडाचा किंवा कूर्चेचा भक्कम आधार नसतो, त्यामुळे ते सैलावले की श्वासाची वाट अरुंद होते. अरुंद वाटेतून हवा वेगाने आत शिरते, हे मऊ भाग थरथरू लागतात आणि त्या थरथरण्याचा आवाज आपल्याला घोरणे म्हणून ऐकू येतो. वाट आणखी अरुंद झाली तर मात्र आवाज वाढण्याऐवजी बंदच होतो, कारण आता हवाच आत जात नाही. कागदी नळीने उसाचा रस जोरात ओढला की भिजलेली नळी मध्येच चिकटते, तसे घशाचे होते. छाती जितक्या जोराने हवा ओढू पाहते तितक्या घशाच्या भिंती एकमेकींना चिकटतात. झोपेत असा श्वास वारंवार अडण्याच्या विकाराला ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया म्हणतात.

घोरणारा प्रत्येक जण आजारी समजायचा का?

नाही. सर्दी झालेली असताना, फार दमल्यावर किंवा उताणे झोपल्यावर पुष्कळ लोक घोरतात. त्यांचा श्वास अडत नाही आणि रक्तातला प्राणवायूही कमी होत नाही. अशा साध्या घोरण्याचा मुख्य त्रास शेजारच्याला होतो आणि त्यासाठी कुशीवर वळणे, नाक मोकळे ठेवणे, वजनाकडे लक्ष देणे एवढे बहुतेकदा पुरते.

आपल्याकडे चूक होते ती बहुधा दुसऱ्या बाजूने. जोरजोरात घोरणारा माणूस डाराडूर झोपला आहे, त्याला कसली चिंता नाही, असे समजले जाते आणि लग्नाच्या हॉलवर मुक्काम पडला की सकाळच्या चहाबरोबर त्याची थट्टाही होते. प्रत्यक्षात स्लीप ॲप्निया असलेल्या माणसाला गाढ झोप जवळजवळ मिळतच नाही. श्वास अडला की मेंदू काही क्षणांसाठी जागा होतो, घशाचे स्नायू ताठ होतात, वाट उघडते आणि पुन्हा डुलकी लागते. तीव्र विकारात असे तासाला तीसहून अधिक वेळा होते, पण प्रत्येक जाग इतकी थोडी असते की सकाळी त्यातली एकही आठवत नाही.

मग हा विकार लक्षात कसा येणार?

शेजारी झोपणाऱ्याच्या सांगण्यावरून. या विकारात रुग्ण स्वतः सर्वांत कमी भरवशाचा साक्षीदार असतो. "मी कुठे घोरतो?" हे त्याचे वाक्य अगदी प्रामाणिक असते, तरी त्यावर विसंबून चालत नाही. पत्नी, पती, मुले किंवा होस्टेलमधला खोलीतला सोबती जे सांगतो ते डॉक्टरांच्या दृष्टीने अधिक मोलाचे असते, म्हणून पहिल्या भेटीला त्या व्यक्तीने सोबत जावे.

लक्ष आवाजाच्या मोठेपणापेक्षा त्याच्या चालीकडे द्यावे. घोरणे हळूहळू चढत जाते आणि मध्येच एकदम शांतता होते. त्या शांततेत छाती आणि पोट वरखाली होताना दिसतात, पण नाकातोंडाशी हात धरला तर हवा लागत नाही. दहा, वीस, कधी तीस सेकंदांनी माणूस घुसमटल्यासारखा मोठा आवाज करून श्वास घेतो, अंग हलवतो, कूस बदलतो आणि पुन्हा पहिल्यापासून घोरू लागतो. घरच्यांना मधली शांतता हायसे वाटण्याजोगी असते, पण काळजीचे कारण तीच आहे. दहा सेकंद किंवा त्याहून जास्त काळ श्वास थांबला तर वैद्यकीय व्याख्येनुसार तो ॲप्निया होय. शक्य असल्यास पहाटेच्या सुमारास दोन-चार मिनिटांचे चित्रण मोबाईलवर करून ठेवावे, कारण स्वप्नांच्या झोपेत स्नायू सर्वाधिक सैल असतात आणि ती झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते.

दिवसा कोणती लक्षणे दिसतात?

सात-आठ तास अंथरुणात काढूनही सकाळी ताजेतवाने न वाटणे, उठल्यावर डोके जड असणे, तोंडाला कोरड पडणे, चिडचिड, विसरभोळेपणा आणि दिवसा अनावर पेंग येणे ही नेहमीची लक्षणे आहेत. जेवणानंतर थोडी सुस्ती कोणालाही येते. पण बैठकीत समोरचा बोलत असताना, लोकलमध्ये उभ्याउभ्या किंवा सिग्नलला गाडी थांबलेली असताना डोळा लागत असेल तर ती नुसती सुस्ती नव्हे.

रात्री दोन-तीन वेळा लघवीला उठावे लागणे हे एक लक्षण मात्र सहसा कोणी या विकाराशी जोडत नाही. पन्नाशीतला पुरुष त्याचा दोष प्रोस्टेटला देतो, मधुमेही माणूस साखरेला. बंद घशाविरुद्ध श्वास ओढताना छातीत जो उणा दाब तयार होतो, त्याने हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात. ताणलेले हृदय शरीरात पाणी फार झाले असे समजून मूत्र वाढवणारे संप्रेरक सोडते. अशा रुग्णाचे घोरण्यावरचे उपचार सुरू झाले की रात्रीच्या फेऱ्या अनेकदा कमी होतात.

हृदयाला आणि रक्तदाबाला खरोखरच धोका असतो का?

असतो, पण त्याबद्दल जे खात्रीने सांगता येते आणि जे अजून सिद्ध व्हायचे आहे, त्यांत फरक करायला हवा.

श्वास अडला की तीन गोष्टी एकदम घडतात. रक्तातला प्राणवायू घसरतो, छातीतला उणा दाब हृदयावर ताण आणतो आणि जाग येण्याच्या क्षणी ॲड्रिनॅलिनसारखी संप्रेरके उसळून नाडी आणि रक्तदाब दोन्ही वर जातात. निरोगी माणसाचा रक्तदाब झोपेत उतरतो. येथे तो उतरण्याऐवजी रात्रभर उसळ्या घेतो आणि काही वर्षांत दिवसाही चढलेला राहू लागतो. तीन-तीन गोळ्या चालू असूनही ज्याचा रक्तदाब आटोक्यात येत नाही, त्याच्याकडे झोपेची चौकशी करावी असे आता हृदयरोगतज्ज्ञही सांगतात. हृदयाची लय बिघडण्याचा एट्रियल फिब्रिलेशन हा विकार, हृदय निकामी होणे आणि पक्षाघात यांच्याशीही स्लीप ॲप्नियाचा स्पष्ट संबंध दिसला आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या २००५ सालच्या अभ्यासात अचानक हृदय थांबून मृत्यू आलेल्या आणि आधी झोपेची तपासणी झालेल्या रुग्णांची नोंद तपासली गेली. ज्यांना हा विकार होता त्यांच्यापैकी ४६ टक्के मृत्यू मध्यरात्र ते सकाळी सहा या वेळात झाले होते, तर विकार नसलेल्यांत हे प्रमाण २१ टक्के होते.

आता दुसरी बाजू. उपचार केले म्हणजे हृदयविकाराचा झटका नक्की टळतो, असे अजून सिद्ध झालेले नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सेव्ह' या मोठ्या चाचणीत आधीच हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्या सुमारे २,७०० रुग्णांचा समावेश होता. झोपेत घसा उघडा ठेवणारे हवेच्या दाबाचे यंत्र (सीपॅप, त्याबद्दल पुढे) दिलेल्यांत आणि न दिलेल्यांत झटक्यांचे प्रमाण जवळपास सारखेच राहिले. मात्र रुग्णांनी यंत्र रात्रीतून सरासरी ३.३ तासच वापरले होते आणि फार पेंग येणाऱ्यांना चाचणीतून वगळले होते, त्यामुळे या निकालाचा अर्थ कसा लावायचा यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. त्याच चाचणीत दिवसाची पेंग, घोरणे आणि एकूण प्रकृती यांत सुधारणा दिसली. थोडक्यात, यंत्र विकताना "याने हार्ट अटॅक येणार नाही" अशी हमी कोणी देत असेल तर तिच्यावर विश्वास ठेवू नये, आणि "नुसते घोरणेच तर आहे" असे कोणी म्हणत असेल तर त्याच्यावरही ठेवू नये.

यामुळे मृत्यू येऊ शकतो का?

तीव्र विकार वर्षानुवर्षे उपचाराविना राहिला तर मृत्यूचा धोका वाढतो आणि तो बहुधा हृदयाच्या किंवा मेंदूच्या मार्गाने येतो. संगीतकार बप्पी लाहिरी यांचे फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईत निधन झाले, तेव्हा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी मृत्यूचे कारण म्हणून हाच विकार सांगितला होता, आणि स्लीप ॲप्निया हे नाव अनेक मराठी घरांत प्रथम त्या बातमीतून पोहोचले. त्यांना इतरही आजार होते हे त्यासोबत लक्षात ठेवावे. "आज रात्री झोपेत श्वास थांबला तर?" या भीतीने जागत बसण्याचे कारण नाही, कारण श्वास अडल्यावर मेंदू जागा होतो आणि बहुतेक वेळा वाट उघडतो.

मधुमेहाशी संबंध आहे का?

आहे. तुटक झोप आणि वारंवार घसरणारा प्राणवायू यांमुळे इन्सुलिन नीट काम करत नाही, आणि लठ्ठपणा हे दोन्ही विकारांचे सामाईक मूळ आहे. पथ्य पाळूनही सकाळची साखर चढी राहत असेल तर झोपेबद्दल डॉक्टरांशी बोलावे.

गाडी चालवणे सुरक्षित आहे का?

उपचार न घेतलेल्या रुग्णांत वाहन अपघाताचा धोका इतरांच्या सुमारे दोन ते अडीच पट आढळला आहे. डुलकी लागल्यावर होणारे अपघात विशेष भीषण असतात, कारण चालकाने ब्रेक लावलेलाच नसतो. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. सरळ, एकसुरी आणि वेगवान. अशा रस्त्यावर आधीच झोपेचा अनुशेष असलेला माणूस सुपारी, गाणी आणि उघडी खिडकी यांच्या भरवशावर जागा राहू शकत नाही. ट्रक, एसटी, टॅक्सी किंवा यंत्र चालवणे हाच ज्यांचा व्यवसाय आहे त्यांनी नोकरी जाण्याच्या भीतीने हे लपवू नये. नीट उपचार चालू असलेला चालक हा निदानच न झालेल्या चालकापेक्षा कितीतरी सुरक्षित असतो. चालवता चालवता जांभया सुरू झाल्या आणि गेल्या दोन मैलांचा रस्ता आठवेनासा झाला, तर गाडी बाजूला घेऊन वीस मिनिटे झोपणे एवढेच उपयोगी पडते.

सडपातळ माणसाला हा विकार होतो का?

होतो. लठ्ठपणा हे सर्वांत मोठे कारण असले तरी एकमेव नाही. जबडा लहान किंवा मागे गेलेला असणे, जीभ मोठी असणे, टॉन्सिल वाढलेले असणे, थायरॉइड मंद असणे, घरात कोणाला हा विकार असणे ही कारणेही असतात. युरोपीय लोकांच्या तुलनेत आशियाई लोकांत चेहऱ्याच्या हाडांच्या ठेवणीमुळे कमी वजनातही घसा अरुंद पडतो. पोट सुटलेले नसले तरी मान जाड असेल तर सावध असावे. पुरुषांत १७ इंच आणि स्त्रियांत १६ इंच याहून अधिक घेर धोक्याचा मानतात. शर्टाच्या कॉलरचा नंबर गेल्या पाच वर्षांत दोनदा बदलला असेल तर तीही एक नोंद आहे.

स्त्रियांनाही होतो का?

होतो, आणि बहुतेकदा निसटतो. स्त्रिया घोरण्याची तक्रार सांगत नाहीत. त्या सांगतात थकवा, डोकेदुखी, झोप न लागणे, उदास वाटणे. मग रक्त कमी आहे, मेनोपॉज आहे, टेन्शन आहे असे म्हणून लोहाच्या किंवा झोपेच्या गोळ्या दिल्या जातात. पाळी थांबल्यानंतर धोका वाढतो, तसाच तो पीसीओएस या अंडाशय आणि संप्रेरकांच्या विकारातही जास्त असतो. गरोदरपणात नव्याने सुरू झालेले जोरदार घोरणे वाढत्या रक्तदाबाशी जोडलेले असू शकते, म्हणून ते पुढच्या तपासणीच्या वेळी आवर्जून सांगावे. "बाईमाणूस घोरते" हे सांगायचा संकोच घरच्यांनाच अधिक असतो, असे या विषयावर लिहिताना पुनःपुन्हा जाणवते.

लहान मूल घोरते. काय करावे?

सर्दीपुरते घोरत असेल तर थांबावे. पण आठवड्यातून तीनहून अधिक रात्री घोरत असेल, तोंड उघडे ठेवून झोपत असेल, मान मागे टाकून विचित्र स्थितीत झोपत असेल, झोपेत घामाघूम होत असेल किंवा अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू झाले असेल, तर कान-नाक-घसातज्ज्ञांना दाखवावे. मुलांत कारण बहुतेकदा वाढलेले टॉन्सिल आणि नाकामागची ॲडेनॉइडची गाठ हे असते. मोठी माणसे पेंगतात, मुले मात्र उलट अस्वस्थ, चिडखोर आणि चंचल होतात. त्यामुळे शाळेतून "लक्ष देत नाही" अशी चिठ्ठी येते आणि ओरडा मुलाला बसतो.

टॉन्सिल आणि ॲडेनॉइड काढण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल पालक घाबरतात, ते स्वाभाविक आहे. २०१३ मध्ये अमेरिकेत पाच ते नऊ वर्षांच्या ४६४ मुलांवर झालेल्या चाचणीत शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७९ टक्के मुलांची झोपेची तपासणी सात महिन्यांनी सामान्य आली. नुसती वाट पाहिलेल्यांतही ४६ टक्क्यांची आली. म्हणजे सौम्य विकारात डॉक्टरांनी काही महिने थांबू या म्हटले तर ते टाळाटाळ करत आहेत असे समजू नये.

तपासणी कशी होते?

पॉलिसोम्नोग्राफी ही पूर्ण तपासणी प्रयोगशाळेत रात्रभर झोपून होते. डोक्यावर, डोळ्यांजवळ, हनुवटीवर आणि पायांवर तारा चिकटवतात, नाकाशी हवेचा संवेदक लावतात, छाती आणि पोटाभोवती पट्टे बांधतात आणि बोटाला प्राणवायू मोजणारा चिमटा लावतात. यात सुई टोचत नाहीत. "एवढ्या तारा लावल्यावर झोप कशी लागणार?" ही शंका सर्वांनाच येते, पण निदानापुरती झोप बहुतेकांना लागते. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा गंभीर आजार नसेल आणि विकाराची शक्यता दाट असेल तर कमी तारांचे यंत्र घरी नेऊन तपासणी करता येते. खर्च कमी येतो आणि आपल्या अंथरुणातली झोप मोजली जाते. मात्र घरच्या तपासणीत काही सापडले नाही आणि लक्षणे कायम राहिली, तर प्रयोगशाळेतली तपासणी करून घ्यावी.

अहवालातील एएचआय हा आकडा काय सांगतो?

झोपेच्या दर तासाला श्वास किती वेळा थांबला किंवा बराच मंदावला, त्याची ही सरासरी असते. प्रौढांत ५ पेक्षा कमी सामान्य, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर तीव्र समजतात. मुलांसाठी मोजपट्टी वेगळी असते आणि तासाला एकाहून अधिक वेळा श्वास अडणेही दखल घेण्याजोगे मानतात. हा आकडा एकटा वाचू नये. एएचआय १२ असलेला पण दिवसभर पेंगणारा ट्रकचालक आणि एएचआय १८ असलेली पण कसलाच त्रास नसलेली निवृत्त व्यक्ती यांच्यात उपचाराची घाई कोणाला आहे, हे आकडा सांगत नाही. प्राणवायू सर्वांत कमी किती झाला आणि ९० टक्क्यांखाली किती वेळ राहिला, हेही अहवालात पाहावे.

करोनाकाळातला ऑक्सिमीटर किंवा स्मार्ट घड्याळ पुरेसे नाही का?

दिवसा जागेपणी ऑक्सिमीटर ९८ दाखवतो आणि माणूस निर्धास्त होतो. विकार झोपेतला असल्याने त्या ९८ ला येथे अर्थ नाही. रात्रभर नोंद ठेवणारी उपकरणे आणि काही घड्याळे शंका उपस्थित करू शकतात, पण निदान करू शकत नाहीत आणि "सर्व ठीक" असा निर्वाळा तर मुळीच देऊ शकत नाहीत.

सीपॅप यंत्र म्हणजे काय, आणि ते वापरणे इतके अवघड का जाते?

सिडनीचे डॉक्टर कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये पाच रुग्णांवरचा या उपचाराचा अहवाल प्रसिद्ध केला. त्याआधी तीव्र विकारावर गळ्याला भोक पाडून श्वासनलिकेत नळी घालणे हाच खात्रीचा उपाय होता. सीपॅप नाकावरच्या मास्कमधून सतत ठरावीक दाबाने हवा सोडते आणि त्या हवेमुळे घसा मिटत नाही. ते प्राणवायूचे यंत्र नाही, त्यात खोलीतलीच हवा असते. मध्यम आणि तीव्र विकारात घोरणे आणि पेंग यांवर याच्याइतका परिणामकारक उपाय दुसरा नाही.

तरीही पुष्कळ यंत्रे महिन्याभरात कपाटात जातात. कारण बहुधा मास्क असतो. मास्क सैल असला की हवा डोळ्यांवर येते, आणि ती गळती थांबवायला पट्टे आवळले की नाकाच्या दांड्यावर वळ उठतात. म्हणून मास्क दुकानात बसून नव्हे, तर आडवे पडून, यंत्र चालू करून घालून पाहावा. सुरुवातीला संध्याकाळी टीव्ही पाहताना अर्धा तास लावून सवय करावी. घसा कोरडा पडत असेल तर हवा ओलसर करणारा ह्युमिडिफायर वापरावा, त्यात शुद्ध ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाणी घालावे आणि उरलेले रोज सकाळी ओतून टाकावे. धुळीच्या गावात फिल्टर लवकर काळा पडतो, तो पाहत राहावा. जिथे रात्री वीज जाते तिथे यंत्राबरोबरच इन्व्हर्टरचा किंवा बॅटरीचा विचार करावा. हा खर्च विक्रेते सहसा शेवटी सांगतात. रोज किमान चार तास हे कामचलाऊ माप आहे, खरा फायदा झोपेच्या सर्व वेळेत लावल्याने होतो.

यंत्राची "सवय लागेल" या भीतीला आधार नाही. चष्म्याची जितकी लागते तितकीच लागते.

वजन कमी केले तर यंत्र सुटेल का?

काहींचे सुटते. अमेरिकेतील विस्कॉन्सिनच्या दीर्घकालीन पाहणीत १० टक्के वजन घटलेल्यांत एएचआय सरासरी २६ टक्क्यांनी उतरला होता, तर १० टक्के वाढलेल्यांत तो ३२ टक्क्यांनी चढला होता. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने लठ्ठ रुग्णांतील मध्यम ते तीव्र विकारासाठी टिर्झेपटाइड या इंजेक्शनला मान्यता दिली. या विकारावर मान्यता मिळालेले ते पहिले औषध होय. ते महाग आहे आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यायचे आहे. वजन उतरले तरी यंत्र आपल्या मनाने बंद करू नये, तपासणी पुन्हा करून मगच ठरवावे.

शस्त्रक्रिया किंवा दातांचे उपकरण?

खालचा जबडा पुढे धरून ठेवणारे, दंतवैद्याकडून मापाने करून घेतलेले उपकरण सौम्य ते मध्यम विकारात चांगले काम करते आणि प्रवासात सोयीचे असते. नाकाचा वाकडा पडदा सरळ केल्याने नाक मोकळे होते आणि यंत्र सुसह्य होते, पण तेवढ्याने विकार सहसा जात नाही. अडथळा बहुधा नाकाच्या खाली असतो.

घरगुती उपायांचे काय?

कुशीवर झोपणे हा खरा उपाय आहे. जुन्या टी-शर्टच्या पाठीला खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू ठेवला की उताणे होणे टळते. नाकात तूप किंवा तेल सोडल्याने कोरडेपणा कमी वाटेल, घशाची पडझड थांबणार नाही. तान्ह्या मुलांच्या नाकात तर तेल मुळीच घालू नये, ते फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. झोपताना तोंडाला चिकटपट्टी लावण्याची सध्याची टूम निदान न झालेल्या माणसाने करू नये.

घशाच्या व्यायामांना थोडा आधार आहे. डिजरिडू हे ऑस्ट्रेलियाच्या आदिवासींचे फुंकून वाजवायचे वाद्य शिकलेल्या स्विस रुग्णांचा त्रास कमी झाल्याचे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि अलीकडे जयपूरमध्ये ३० रुग्णांच्या छोट्या अभ्यासात शंख फुंकणाऱ्यांची पेंग व एएचआय दोन्ही उतरले. आकडे लहान आहेत. शंख जरूर फुंकावा, पण त्याच्या बळावर यंत्र परत करू नये.

दारू आणि झोपेच्या गोळ्यांनी काय होते?

दोन्हींमुळे घशाचे स्नायू अधिक सैल होतात आणि श्वास अडल्यावर जाग यायला उशीर लागतो. "दोन पेग घेतले की शांत झोप लागते" असे म्हणणाऱ्याच्या बायकोला त्या रात्रीचा आवाज विचारावा.

दुसऱ्या कसल्या ऑपरेशनसाठी दाखल व्हायचे आहे. हे सांगावे का?

न विचारता सांगावे, आणि शल्यचिकित्सकाइतकेच भूलतज्ज्ञांना सांगावे. भूल उतरताना आणि नंतरच्या तीव्र वेदनाशामकांच्या अमलाखाली घसा मिटण्याचा धोका वाढतो. नळी कोणती वापरायची, रात्री प्राणवायूवर नजर कशी ठेवायची, वेदनाशामक कोणते द्यायचे, हे ते त्यानुसार ठरवतात. मोतीबिंदू, हर्निया, गुडघा, कोणतेही ऑपरेशन असो, सीपॅप वापरत असाल तर यंत्र, स्वतःचा मास्क आणि दाबाचा आकडा लिहिलेला कागद सोबत न्यावा आणि वॉर्डातल्या नर्सला यंत्र कसे लावायचे हे संध्याकाळीच दाखवून ठेवावे.